दूध आलं की नेटवर्क जिवंत होतं! (झॅबिक्स, ३१ शीतकरण केंद्रं आणि २ प्रॉक्समॉक्स होस्ट) : मदत हवी

तारवाला | शुक्रवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी,

मी एका दूध संघाच्या संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मी आणि एक शिकाऊ पोरगा. संघाचं नाव लिहीत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात दूध संघ म्हटलं की गाडी राजकारणावर जाते आणि मूळ प्रश्न तिसऱ्या पानावर मरतो.

मांडणी अशी आहे. मुख्य कार्यालयात २ प्रॉक्समॉक्स होस्ट (एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारे सर्व्हर), त्यांवर मिळून १४ व्हीएम (म्हणजे ते आभासी संगणक) : दूध बिलं, पशुखाद्याचा हिशोब, फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर वगैरे. सगळ्या यंत्रांवर पहारा ठेवणारं झॅबिक्स ७.० सुद्धा त्यातल्याच एका व्हीएमवर. बाहेर ३१ शीतकरण केंद्रं. प्रत्येक ठिकाणी सिमवाला फोरजी राउटर, एक स्विच, दूध संकलनाचा पीसी आणि बीएमसीचा कंट्रोलर. (बीएमसी म्हणजे बल्क मिल्क कूलर. मुंबईची महापालिका नव्हे.) राउटरवरून आमच्या ऑफिसपर्यंत वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन, इंटरनेटमधून काढलेला खाजगी रस्ता). झॅबिक्स त्या बोगद्यातून दर मिनिटाला सगळ्यांना पिंग करतं ('आहेस का?' अशी हाक) आणि राउटर, स्विचला त्यांचे आकडे एसएनएमपीने (त्यासाठीची ठरलेली भाषा) विचारतं.

दुखणी तीन आहेत.

एक. दुपारी ११ च्या सुमारास काही केंद्रं 'बंद' दिसायला लागतात. तिथे फोन केला तर सगळं चालू असतं. संध्याकाळी साडेपाचला गवळी दूध घेऊन आले की केंद्र आपोआप हिरवं! शिकाऊ पोरगा म्हणतो, सर, राउटरला दुधाचा वास येतो.

दोन. रोज रात्री अडीचला सगळी ३१ केंद्रं एकदम लाल होतात. टेलिग्रामवर दीडशे-पावणेदोनशे मेसेज. सव्वातीनला सगळं पुन्हा हिरवं. बायकोने फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लावलाय.

तीन. मागच्या रविवारी फाइल सर्व्हरचं व्हीएम चार तास गोठून पडलं होतं आणि झॅबिक्समध्ये ते हिरवंगार होतं. त्यानंतर झॅबिक्समध्ये प्रॉक्समॉक्सचं तयार टेम्प्लेट (काय काय तपासायचं त्याचा साचा) लावलं, तर त्यात एकही व्हीएम दिसत नाही. एरर पण नाही. नुसतं रिकामं.

कुठून सुरुवात करू?

---

बंड्या_गडहिंग्लज | शुक्रवार, रात्री ११.३२

दुधाचा वास 😂😂 पोराला पगार वाढवा राव.

माझा अंदाज : सिमचा घोळ. आमच्याकडं पण दुपारी रेंज मरती. कंपनी बदलून बघा.

---

मंजिरी_टी | शुक्रवार, रात्री ११.५१

बंड्या, सिमचा घोळ असता तर केंद्रावरचं इंटरनेटही गेलं असतं. फोनवर 'सगळं चालू' म्हणतायत ना.

तारवाला, दोन प्रश्न. वायरगार्डच्या सेटिंगमध्ये 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' (काम नसतानाही ठरावीक वेळाने एक पॅकेट पाठवणं) आहे का? आणि जी केंद्रं दुपारी मरत नाहीत, तिथे असं काय आहे जे मरणाऱ्या केंद्रांत नाही? कॅमेरे वगैरे?

---

तारवाला | शनिवार, सकाळी ७.०५

मंजिरीताई, लोटांगण.

१९ केंद्रांत कॅमेरे आहेत, त्यांचं रेकॉर्डिंग ऑफिसातल्या यंत्रावर चोवीस तास येतं. १२ केंद्रांत बसवायचे राहिलेत. आत्ता यादी काढून बघितली. मरणारी केंद्रं बरोबर तीच १२!

कीपअलाइव्हची ओळच नाहीये कुठे. पण कॅमेऱ्याचा आणि याचा काय संबंध?

---

मंजिरी_टी | शनिवार, सकाळी ९.२०

संबंध असा. सिमवर तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही. राउटरवर बघा, बहुधा १००.६४ ते १००.१२७ मधला काहीतरी आकडा असेल. तो पट्टा २०१२ मध्ये मोबाइल आणि ब्रॉडबँड कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठीच राखून ठेवला गेला. हजारो ग्राहक एकाच बाहेरच्या आयपीमागे बसलेले असतात. तुमच्या राउटरने बाहेर पॅकेट पाठवलं की कंपनीच्या नॅटमध्ये त्याच्या नावाची एक नोंद होते, आणि उत्तर त्या नोंदीवरून परत येतं. यूडीपीच्या (वायरगार्ड याच प्रकारची पॅकेटं पाठवतं) नोंदी फार वेळ ठेवत नाहीत. कित्येक ठिकाणी ३० सेकंदांत पुसतात.

वायरगार्ड स्वभावाने मुका आहे. पाठवायला काही नसेल तर एक अक्षर बोलत नाही. सकाळचं संकलन संपलं, पीसी गप्प बसला, नोंद पुसली गेली. आता तुमचं झॅबिक्स ऑफिसकडून कितीही हाका मारो, नॅटच्या दारावर 'या नावाचं इथे कोणी राहत नाही'. संध्याकाळी दूध आलं, पीसीने पहिलं माप पाठवलं, राउटरने आतून दार उघडलं, बोगदा जिवंत. कॅमेरेवाली केंद्रं सतत बोलत असतात म्हणून जागी राहतात.

उपाय एका ओळीचा. केंद्रावरच्या राउटरमध्ये (ऑफिसच्या टोकाला नव्हे, केंद्राच्या टोकाला) कीपअलाइव्ह २५ सेकंद. बस्स.

तुमच्या पोराचं निदान तसं बरोबरच होतं. :)

---

तारवाला | शनिवार, दुपारी १.४०

१२ पैकी ९ राउटरमध्ये टाकलं. उरलेली ३ 'झोपलेली' आहेत, संध्याकाळी दुधाबरोबर उठली की टाकतो.

---

अ_ब_क | शनिवार, दुपारी २.१५

२०२० नंतरही लोक झॅबिक्स लावतायत हे बघून अंमळ मौज वाटली. पहाऱ्याला प्रोमिथियस आणि आलेखांना ग्राफाना लावा, मोकळे व्हा.

---

पिंगळा | शनिवार, दुपारी ३.३०

अ_ब_क, प्रोमिथियस मीही वापरतो आणि आवडतं. पण ते मुळात स्वतः जाऊन माहिती ओढून आणणारं आहे. नॅटमागच्या ३१ ठिकाणी कोण जाणार ओढायला? बोगदा हवाच. किंवा प्रत्येक केंद्रावर ते एजंट मोडमध्ये ठेवून माहिती ऑफिसकडे ढकलायला लावायचं, तर लाइन साधारण दोन तासांहून जास्त गेली की न पाठवलेली माहिती वाहून जाते. जुलैत गगनबावड्याकडे दोन तास म्हणजे काहीच नाही. शिवाय स्विचसाठी एसएनएमपी एक्स्पोर्टर (प्रोमिथियसचा दुभाषी) वेगळा. चालू असलेलं मोडून हे करण्यात तारवालांचा काय फायदा?

तारवाला, तुमच्या दुखण्या क्रमांक २ बद्दल. ३१ स्वतंत्र सिमं एकाच मिनिटाला मरत नाहीत. सगळ्यांत समान असलेली एकच गोष्ट आहे : तुमच्या ऑफिसची लाइन. फायरवॉलच्या बाहेरच्या पोर्टचा आलेख रात्री अडीच ते सव्वातीन काय सांगतो?

---

तारवाला | शनिवार, सायंकाळी ६.२५

उरलेल्या तिन्ही केंद्रांत कीपअलाइव्ह टाकलं.

पिंगळा सर, तोच तर वांधा आहे. लाइनवर मलाही शंका होती म्हणून आलेख आधीच बघितला होता. लाइन २०० एमबीपीएसची, दोन्ही बाजूंनी सारखी. आलेख रात्री अडीचला ८५ च्या आसपास दाखवतो. निम्मीसुद्धा भरत नाही. आलेख जरा तुटक-तुटक आहे त्या वेळात, मध्ये मध्ये ठिपके गायब. पण १०० च्या वर कधी गेलेला नाही.

---

पिंगळा | शनिवार, सायंकाळी ६.४०

तुटक आलेख! हे आधी सांगायचं हो.

तीन गोष्टी सांगा. फायरवॉल झॅबिक्समध्ये एसएनएमपीच्या कुठल्या आवृत्तीने जोडलाय? दर किती मिनिटांनी आकडा घेता? आणि रात्री अडीचला ऑफिसमधून बाहेर काय जातं?

---

तारवाला | शनिवार, सायंकाळी ७.१०

आवृत्ती १. (आधीच्या माणसाने केलेलं, मी हात लावला नाही.) दर ५ मिनिटांनी. आणि रात्री अडीचला... दोन मोठ्या व्हीएमची बॅकअप फाइल पशुखाद्य कारखान्यातल्या सर्व्हरवर आरसिंकने (फायली कॉपी करणारं साधन) जाते. साधारण ६५ जीबी. पण पुन्हा तेच, आलेखात ती लाइन भरल्याचं दिसत नाही ना?

---

पिंगळा | शनिवार, रात्री ९.५५

जेवून आलो. आता निवांत लिहितो, कारण यात बरेच जण फसतात आणि मीही एकदा फसलोय. तेव्हा मी सगळा दोष लाइनवाल्यांच्या माथी मारून त्यांना तीन खरमरीत पत्रं पाठवली होती.

एसएनएमपीमध्ये पोर्टवरून किती बाइट गेले याचा एक मोजणीचा आकडा असतो, रिक्षाच्या जुन्या मीटरसारखा फिरत राहणारा. जुना मीटर ३२ बिटांचा. म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ वर पोचला की पुन्हा शून्यापासून. साधारण ४.३ जीबी झाले की एक फेरी पूर्ण. १०० एमबीपीएसची लाइन भरून वाहत असेल तर फेरी पावणेसहा मिनिटांत होते, २०० ला तीन मिनिटांच्या आत, आणि गिगाबिटला ३४ सेकंदांत.

आता तुमचा हिशोब. २०० एमबीपीएसने ५ मिनिटं म्हणजे ७.५ जीबी गेले. मीटरने मध्येच एक पूर्ण फेरी मारली, ती कोणी बघितली नाही. राहिले ७.५ वजा ४.३ म्हणजे ३.२ जीबी. ते ३०० सेकंदांत वाटा आणि बिटांत करा : ८५ एमबीपीएस! तुमच्या आलेखातला आकडा हाच आहे. लाइन काठोकाठ भरलेली आहे आणि मीटर निम्म्याहून कमी सांगतोय.

आणि तुटक का? नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला की झॅबिक्स 'दर सेकंद फरक' काढताना ती जोडी सरळ टाकून देतं. या वेगाला साधारण चारातल्या तीन वेळा तसं होतं. म्हणून ठिपके गायब.

यावर ६४ बिटांचा मीटर आहे, 'आयएफ एचसी इन ऑक्टेट्स' आणि 'आउट ऑक्टेट्स'. तो आपल्या हयातीत फिरत नाही. पण एसएनएमपीच्या आवृत्ती १ ला ६४ बिटांचा मोजणी-आकडा कळतच नाही. आवृत्ती २सी किंवा ३ हवीच. फायरवॉल आहे म्हणून सरळ ३ घ्या, ओळख आणि एन्क्रिप्शन दोन्हीसह. १ आणि २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग (म्हणजे पासवर्डच) उघडीच जाते, आणि आधीच्या माणसाने ती 'पब्लिक' ठेवली असणार यावर मी चहा लावायला तयार आहे.

(अवांतर : फायरवॉल एकसारखे दोन असतील आणि एकाची सेटिंग दुसऱ्यावर कॉपी केली असेल तर आवृत्ती ३ मध्ये दोघांचा 'इंजिन आयडी' (यंत्राचा ओळख-क्रमांक) एकच होतो आणि झॅबिक्स गोंधळतं. एक उत्तर देतो, एक रुसतो. तो बदलून घ्या.)

---

तारवाला | शनिवार, रात्री १०.३०

चहा तुमचा. 'पब्लिक'च होतं.

२सी वर टाकून ६४ बिटांचे आयटम (झॅबिक्स नोंदवत राहतं ते आकडे) लावलेत, दर १ मिनिटाने. ३ चं उद्या दिवसाउजेडी करतो. आज रात्री बघतो.

---

तारवाला | रविवार, पहाटे २.४८

१९७ एमबीपीएस. सपाट रेघ, गच्चीवरच्या कठड्यासारखी.

पिंगचा वेळ ४५ मिलिसेकंदांवरून सातशेच्या पुढे. मेसेज आत्तापर्यंत १६१.

आरसिंकला वेगमर्यादा घालून पुन्हा चालू केलं, ८० एमबीपीएस. पाऊण तासाऐवजी पावणेदोन तास लागतील, लागू देत. पिंग परत ५० वर. झोपतो.

---

बंड्या_गडहिंग्लज | रविवार, सकाळी ८.१५

नाद खुळा! ह्यो धागा पिक्चरपेक्षा भारी चाललाय. पॉपकॉर्न घिऊन बसलोय.

---

शून्यमार्ग | रविवार, सकाळी १०.४०

तिसऱ्या दुखण्यावर कोणी बोललं नाही म्हणून मी येतो. पणजीत आमच्या ऑफिसात ५ प्रॉक्समॉक्स होस्ट सांभाळतो. आधी व्हीएमवेअर होतं, ब्रॉडकॉमने २०२३ च्या शेवटी ती कंपनी घेतल्यावर कायमस्वरूपी लायसन्स बंद झाली, तेव्हा हललो.

रिकामी यादी : एपीआय टोकन (झॅबिक्सला प्रॉक्समॉक्समध्ये शिरायची किल्ली) बनवताना 'प्रिव्हिलेज सेपरेशन'ची खूण तशीच ठेवली असणार. ती असली की टोकनला वापरकर्त्याचे अधिकार आपोआप मिळत नाहीत. वापरकर्त्याला आणि टोकनला, दोघांनाही 'पीव्हीई ऑडिटर' (फक्त बघायचा अधिकार) ही भूमिका मुळापासून, म्हणजे '/' या मार्गावर द्यावी लागते. एकालाच दिली तर उपयोग नाही, दोघांत जे सामाईक तेवढंच चालतं. एरर का नाही? कारण प्रॉक्समॉक्स तुम्हाला नाही म्हणत नाही. 'तुला जे बघायची परवानगी आहे ते सगळं हे घे' म्हणून रिकामी थाळी पुढे ठेवतो. झॅबिक्सच्या दृष्टीने उत्तर व्यवस्थित आलेलं असतं.

आणि त्या 'पीव्हीई ऑडिटर'पलीकडे काही देऊ नका. निगराणीच्या टोकनला व्हीएम बंद करायचा अधिकार दिलेला मी एका ठिकाणी पाहिलाय.

गोठलेलं व्हीएम : होस्टला विचारलं तर तो एवढंच सांगतो की त्या व्हीएमची प्रोसेस जिवंत आहे. आत विंडोज निळा पडदा दाखवत बसलं असलं तरी त्याच्या लेखी ते 'रनिंग'च. चार तास गोठून मग परत कसं आलं? तुम्ही काही केलंत का?

---

तारवाला | रविवार, सकाळी ११.२०

टोकनचं अगदी तसंच होतं. भूमिका दिली, पाच मिनिटांत १४ च्या १४ व्हीएम आले.

रविवारी मी होस्टवरचे जुने स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या त्या वेळच्या जपलेल्या प्रती) उडवले, डिस्क भरल्यासारखी वाटली म्हणून. मग व्हीएम रीसेट केलं, आलं. व्हीएमच्या डिस्का एलव्हीएम-थिनवर आहेत.

---

शून्यमार्ग | रविवार, दुपारी १२.०५

मग झालंच की. थिन पूल (सगळ्या व्हीएमच्या डिस्कांची सामायिक जागा) भरला.

थिन म्हणजे उधारीचा कारभार. १ टीबीच्या पूलवर तुम्ही १.६ टीबीच्या डिस्का वाटू शकता, सगळे एकदम मागायला येत नाहीत तोवर चालतं. आल्यावर लिहिणं थांबतं आणि व्हीएम जागच्या जागी गोठतं. फाइल सर्व्हरच्या आतून बघितलं तर सी आणि डी ड्राइव्हवर भरपूर जागा! आतल्या एजंटलाही (आतून आकडे कळवणारा झॅबिक्सचा छोटा प्रोग्राम) कळायचा मार्ग नाही. ते फक्त होस्टवरून दिसतं.

पूलचे आकडे दोन असतात, डेटा आणि मेटाडेटा (कुठलं काय कुठे ठेवलंय याची वही), दोन्हींवर लक्ष ठेवा. मेटाडेटा भरला तर दुरुस्ती फार वाईट. मी दोन्हींना ७५ टक्क्यांवर इशारा आणि ८५ वर फोन असं ठेवलंय. होस्टवर झॅबिक्सचा एजंट टाका आणि 'एलव्हीएस' कमांडचे टक्के त्यातून घ्या. टेम्प्लेटवर विसंबू नका. आणि आतून कळायला हव्यात अशा गोष्टी, म्हणजे सर्व्हिस चालू आहे का, ड्राइव्हवर किती जागा, त्यासाठी प्रत्येक व्हीएममध्येही एजंट. प्रॉक्समॉक्स स्वतः व्हीएमच्या आतल्या डिस्कचा वापर दाखवतच नाही, तिथे शून्य येतं. त्या शून्यावर ट्रिगर (इशारा देण्याची अट) लावून निश्चिंत बसलेली माणसं मला माहीत आहेत.

उलटाही प्रकार होतो. होस्टवर झेडएफएस (डिस्क सांभाळायची दुसरी पद्धत) असेल तर त्याची कॅश भरपूर मेमरी धरून ठेवते, जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये अर्ध्या रॅमपर्यंत. झॅबिक्स 'मेमरी ९० टक्के' म्हणून ओरडतं आणि प्रत्यक्षात काही बिघडलेलं नसतं.

आता खरं बोलायचं तर सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये सहज लिहून गेलात. झॅबिक्स त्याच होस्टवर आहे. होस्ट गेला की पहारेकरी पण गेला. 'सगळं शांत आहे' आणि 'सांगणारा मेला' यातला फरक तुम्हाला कळणार कसा?

---

मंजिरी_टी | रविवार, दुपारी १.१५

शून्यमार्ग यांना +१. झॅबिक्स एका वेगळ्या छोट्या यंत्रावर हलवा, कपाटात पडलेला जुना डेस्कटॉपही चालेल. आणि बाहेर कुठेतरी एक स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर) घेऊन त्यावर इतकंच ठेवा : झॅबिक्स दर ५ मिनिटांनी तिथे हजेरी लावेल, १५ मिनिटं हजेरी नाही लागली तर त्या व्हीपीएसने तुम्हाला मेसेज करायचा.

अजून एक. तुमचे दोनच होस्ट क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेले) असतील तर एक गेल्यावर दुसऱ्याकडे बहुमत राहत नाही. जुन्या डेस्कटॉपवर क्यू-डिव्हाइसपण (तिसरं मत देणारा) टाकून घ्या, एकाच दगडात काम होईल.

---

पिंगळा | रविवार, सायंकाळी ५.३०

आता मूळ रचनेकडे. लाइन भरली आणि १६१ मेसेज आले, यात आरसिंक निमित्त आहे. उद्या फायबर तुटेल, परवा फायरवॉलचं अपडेट असेल, पुन्हा १६१ येतील. कारण 'केंद्र मेलं' आणि 'केंद्रापर्यंतचा रस्ता मेला' हे दोन तुमच्या झॅबिक्सला वेगळे कळत नाहीत. त्याला ते शिकवावं लागेल.

पहिली पायरी : ट्रिगर डिपेंडन्सी. झॅबिक्समध्ये यंत्राला यंत्र जोडता येत नाही, ट्रिगरला ट्रिगर जोडावा लागतो. केंद्रावरच्या स्विचचा ट्रिगर त्या केंद्राच्या राउटरवर अवलंबून, राउटरचा ट्रिगर ऑफिसच्या लाइनवर अवलंबून. ऑफिसची लाइन म्हणजे बाहेरचा एखादा भरवशाचा पत्ता पिंग करणारा आयटम. यात एक मेख आहे. पोराचा ट्रिगर बापाच्या आधी पेटला तर मेसेज सुटलेलाच असतो. म्हणून बापाला ३० सेकंदांनी तपासा, पोराला मिनिटाने. आणि पोराचा ट्रिगर तीन सलग पिंग हुकल्यावरच पेटू द्या, एका हुकण्यावर नको. फोरजीवर एखादं पॅकेट पडणारच.

दुसरी पायरी : केंद्राच्या जवळून पहारा. इथे झॅबिक्स प्रॉक्सी येते. ती केंद्रावर बसते, आजूबाजूच्या यंत्रांना तीच विचारते, आकडे स्वतःच्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवते (एसक्यूलाइट पुरतं) आणि जमेल तेव्हा सर्व्हरकडे पाठवते. 'ॲक्टिव्ह' प्रकारची घ्या, म्हणजे तीच आतून बाहेर सर्व्हरच्या १००५१ पोर्टवर बोलेल, नॅटची कटकट नाही. लाइन गेली तरी बीएमसीच्या तापमानाची नोंद तुटत नाही, ही तुमच्यासाठी मोठी गोष्ट. दूध ४ अंशांवर होतं की नाही हे नंतर विचारलं जातंच.

पण लक्षात ठेवा, 'प्रॉक्सी ऑफलाइन बफर' (लाइन नसताना आकडे साठवायची मुदत) मुळात फक्त १ तासाचा असतो. त्याहून जुनं फेकलं जातं. पावसाळ्यासाठी ७२ तास करा. (सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, फायलीत रोमनमध्ये जोडून लिहायची.)

३१ ठिकाणी प्रॉक्सी लावत बसू नका. जिथे यंत्रं जास्त आहेत अशा पाच-सहा मोठ्या केंद्रांवर लावा. बाकी ठिकाणी संकलनाच्या पीसीवर झॅबिक्स एजंट २ टाका. त्यालाही ॲक्टिव्ह मोड आणि स्वतःचा डिस्कवरचा बफर आहे (तोही मुळात बंद असतो, चालू करून मुदत वाढवा), आणि त्यात मॉडबसचा (कारखान्यातल्या यंत्रांची बोलायची भाषा) प्लगइन येतो. तुमचा बीएमसी कंट्रोलर आरएस-४८५ च्या वायरवर मॉडबस बोलत असेल तर तापमान थेट घेता येईल. एजंटमधलं होस्टनेम सर्व्हरवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे, लहान-मोठ्या अक्षरांसकट. अर्धा दिवस माझा त्यात गेलाय.

---

तारवाला | रविवार, रात्री ९.००

प्रॉक्सीसाठी रास्पबेरी पाय घेऊ का? साहेब तेवढे पैसे लगेच मंजूर करतील.

---

पिंगळा | रविवार, रात्री ९.२५

तुमच्याकडे लाइट किती वेळा जाते? एसडी कार्ड आणि अचानक जाणारी लाइट यांचं जमत नाही. ७.० मध्ये प्रॉक्सीचा बफर मेमरीत ठेवायची सोय आहे, कार्ड कमी झिजतं, पण लाइट गेली की मेमरीतलं गेलं. ज्या कामासाठी प्रॉक्सी लावली तेच नेमकं बुडालं. जुने थिन क्लायंट (छोटे ऑफिस संगणक) मिळतात, त्यात छोटी एसएसडी टाका, बफर डिस्कवर ठेवा. आणि बायोसमध्ये 'वीज आली की आपोआप चालू हो' हे करायला विसरू नका. नाहीतर बटण दाबायला राधानगरीला जाल.

---

बंड्या_गडहिंग्लज | रविवार, रात्री १०.१०

आता माझी पाळी. सिमचं चुकलं, पण ह्ये बरोबर हाय.

आमच्या गुऱ्हाळघराच्या कॅमेऱ्यांसाठी केलेला जुगाड. केंद्रावर घरगुती इन्व्हर्टर असणार, त्याला नेटवर्क पोर्ट कुठला असतोय? मग लाइट गेली हे कळणार कसं? एक जुना, दीडशे रुपड्याचा वायफाय राउटर घ्या, तो इन्व्हर्टरवर न लावता थेट मेनवर लावा. त्याला आयपी द्या आणि पिंग करा. मोठा राउटर जिवंत पण हा मेला = लाइट गेली. दोन्ही मेले = लाइन गेली नाहीतर इन्व्हर्टर उतरला. खर्च जवळपास शून्य.

---

पिंगळा | रविवार, रात्री १०.२२

बंड्याभाऊ, हे मी माझ्या वहीत लिहून घेतलं.

---

मंजिरी_टी | रविवार, रात्री १०.४०

मीही. आणि तारवाला, बीएमसीचा कॉम्प्रेसर मेनवर असतो ना? मग तो दीडशेचा राउटर मेला की जनरेटर लावायला फोन करायचा, असा वेगळा मेसेज ठेवा. संध्याकाळचं दूध टाकीत असताना तो सगळ्यात महागाचा मेसेज आहे.

---

तारवाला | १० दिवसांनी, बुधवार, रात्री ११.३०

उशीर झाला, मध्ये बिलांचा दहा दिवसांचा हप्ता होता.

झालं ते सांगतो. कीपअलाइव्हनंतर दुपारची नाटकं पूर्ण बंद. पोरगा जरा नाराज आहे. ५ केंद्रांवर थिन क्लायंटमध्ये प्रॉक्सी, २२ ठिकाणी एजंट २. उरलेल्या ४ केंद्रांतले पीसी इतके जुने आहेत की त्यांना हात लावायचं धाडस झालं नाही. मागच्या आठवड्यात मेसेज एकूण ९. आधी एका रात्रीत दीडशे यायचे.

एसएमएसचं पण बघितलं, पण त्याला डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसची नोंदणी-व्यवस्था) संस्थेची आणि प्रत्येक मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. साहेब म्हणाले टेलिग्रामवरच चालवा. केंद्रचालकांसाठी मात्र एक स्क्रिप्ट केलं, लाइट गेली की तेवढ्यापुरता मिस्ड कॉल जातो. मिस्ड कॉल आला की जनरेटर.

एका ठिकाणी फसलो. शनिवारी एका प्रॉक्सीचं केंद्र ३ तास गायब होतं आणि मला काहीच कळलं नाही. 'माहिती येत नाही' असा नो-डेटा ट्रिगर लावलेला होता, तो पेटलाच नाही.

---

पिंगळा | बुधवार, रात्री ११.४८

माझी चूक, सांगायचं राहिलं. प्रॉक्सीमागच्या यंत्रांसाठी तो ट्रिगर प्रॉक्सी गायब असताना मुद्दाम गप्प बसतो. झॅबिक्सला वाटतं, माहिती प्रॉक्सीकडे साठत असेल, मग उगीच कशाला ओरडा. हवं तर त्याला 'स्ट्रिक्ट' असा तिसरा पॅरामीटर देता येतो, पण ते करू नका, पुन्हा पूर येईल. त्याऐवजी प्रॉक्सीने शेवटचं तोंड कधी दाखवलं याचा अंतर्गत आयटम असतो, त्यावर प्रत्येक प्रॉक्सीसाठी एकच ट्रिगर लावा, १० मिनिटांचा.

आणि प्रॉक्सीवर न पाठवलेल्या नोंदी किती साचल्यात याचाही आकडा घ्या. लाइन चालू असून तो वाढत असेल तर काहीतरी तुंबलंय.

---

तारवाला | गुरुवार, सकाळी ७.३५

लावला. मुद्दाम एका प्रॉक्सीची केबल काढून बघितली, दहाव्या मिनिटाला एकच मेसेज आला.

आता नवीन फर्मान : चेअरमनसाहेबांना ३१ केंद्रांचा हिरवा-लाल नकाशा त्यांच्या केबिनमधल्या टीव्हीवर पाहिजे.

---

बंड्या_गडहिंग्लज | गुरुवार, सकाळी ७.५०

लावा की. फक्त बॅकअपची वेळ रात्रीचीच ठेवा.